पप्पांनी पाळलेलं पथ्य

आमच्या ऑफिसातल्या एका ताईंच्या मुलीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ग्रुपचं नाव 'पॅरेंट्स', पण त्यात सगळ्या आयाच आहेत. मध्यंतरी एका मुलाचे वडील त्यात आले, थोडे दिवस रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवले आणि मग निघून गेले. ताई हे हसत सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाबा लोकांना शाळेत काही इंटरेस्ट नसतो गं." मी मान हलवली. मला वाद घालायला जमत नाही, आणि जे मनात आलं ते डबा खाता खाता सांगण्यासारखं नव्हतं. माझे पप्पा माझ्या शाळेत इतके गुंतले होते, की त्यापायी त्यांनी वर्षाहून जास्त काळ माझ्याशी बोलणं बंद ठेवलं होतं.

आमचं गाव कागलच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. पप्पा पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये होते. तिथं सगळा वेळ लोखंड कापायचा आवाज. अशा ठिकाणी माणसाला एक तर ओरडून बोलायची सवय लागते, नाहीतर हातांनी. पप्पांना दोन्ही यायचं. त्यांनी गोठ्यातून आईला चहासाठी हाक मारली की समोरच्या दूध डेअरीतली माणसं रांगेतून वळून बघायची. आणि हातांची भाषा त्यांच्या नकळत घरातही यायची. तळवा उभा धरला की थांब. बोट हवेत गोल फिरवलं की चालू कर. मुठीवर मूठ आपटली की जेवायची सुट्टी. कानाची पाळी धरली की साहेब येतोय.

मी बालवाडीपासून कोल्हापुरातल्या इंग्रजी शाळेत जायची. माझ्या पिढीत आमच्या गल्लीतून तिकडं जाणारी मी पहिलीच. मी मुळातच कमी बोलायची. पाहुणे आले की मी धान्याच्या कणगीमागे जाऊन बसायची आणि ते जाईपर्यंत तिथंच असायची. बोलायची ती पप्पांशी. ते शिफ्ट संपवून यायचे, हातपाय धुवायचे, पटकुरानं मान पुसत उंबऱ्यावर बसायचे आणि विचारायचे, "मग, आज शाळंत काय झालं?"

आणि मी सांगायची. कोण रडलं, कुणी कुणाचा खोडरबर चावला, कुणाच्या डब्यात काय होतं. पप्पा मध्ये मध्ये "आगागागा" म्हणायचे, "मग त्यो काय म्हणाला?" म्हणायचे. माझ्या वर्गातली सगळी मुलं त्यांना डब्यावरून माहीत होती. इडलीवाला, मॅगीवाली, रोज नुसतं बिस्कीट आणणारा. बिस्कीटवाला एक दिवस आला नाही तर पप्पा दुसऱ्या दिवशी आठवणीनं विचारायचे, "आला का त्यो?"

पहिलीत असताना, पहिल्या चाचणीनंतर, पालकांना शाळेत बोलावलं. आई आणि पप्पा दोघेही गेले. मीही होते. वर्गशिक्षिका नवीन लग्न झालेल्या, हातात अजून हिरवा चुडा. त्यांनी माझा पेपर समोर ठेवला आणि म्हणाल्या, "लिहिते छान. पण बोलत नाही. विचार मराठीत करते ना, म्हणून अडकते. तुम्ही घरात इंग्रजीच बोला तिच्याशी. दोघांनीही."

पप्पा पुढं झुकले. "फकस्त इंग्लिश?"

"हो. ओन्ली इंग्लिश. मराठी कानावर पडलं की मुलं गोंधळतात."

पप्पांनी मान हलवली. ती मान मी पुढे बऱ्याचदा डॉक्टरांसमोर हललेली पाहिली आहे. त्यांना एकदा कावीळ झाली होती आणि डॉक्टरांनी तेल बंद सांगितलं होतं, तर शेजारच्या घरात भजी तळायला लागल्यावर ते नाकाला रुमाल लावून शेताकडं निघून गेले होते. आमच्या घरात पथ्य म्हणजे पथ्य.

त्या संध्याकाळी ते आले, हातपाय धुतले, उंबऱ्यावर बसले. मी नेहमीच्या जागी उभी राहिले. पप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं. आईनं एक जुनं 'इंग्रजी बोला' छापाचं पुस्तक कुठूनतरी मिळवलं होतं. त्यात बोट घालून ती म्हणाली, "व्हॉट डिड यू डू इन स्कूल टुडे?"

मी म्हटलं, "फाइन."

पप्पांनी जोरजोरात मान डोलावली, जणू मी बरंच काही सांगितलं होतं.

जेवताना स्वयंपाकघरात त्या दोघांचं झालेलं बोलणं मला बाहेर ऐकू आलं.

"आवो, मी बोलती तसं मोडकंतोडकं तुमीबी बोला की."

"तुझं निदान बारावीपर्यंतचं हाय. माझं 'यस सर, नो सर'. ती मोडकं शिकली म्हंजे?"

"मग काय पोरीसंगं मुक्यावानी ऱ्हाणार?"

"मॅडमनी उगंच सांगितलंय व्हय? एवढं लांब घातलंय ते कशाला मग?"

"मराठीनं काय पोरगी बिघडती का?"

"तू मॅडम हाईस का?"

मी ते सगळं ऐकलं होतं. पण मला त्यातलं एवढंच समजलं, की कुणालातरी इंग्रजी आलं की पप्पा परत बोलतील. ते मला यायला हवं की त्यांना, हे काही नीट कळलं नव्हतं. विचारणार कुणाला? जे विचारायचं ते मी पप्पांनाच विचारायची.

म्हणून मी वाट बघत राहिले.

त्या वर्षी त्यांनी माझ्यासाठी जे काही केलं, ते सगळं न बोलता केलं. बूट पॉलिश करायचे, तेही आतून बाहेरून, बुटाची जीभ ओढून. पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचे आणि कोपरे इतके घट्ट दुमडायचे की पुस्तक उघडं राहायचंच नाही. सेकंड शिफ्टचा आठवडा असला की रिक्षाऐवजी स्वतः मोटरसायकलवरून सोडायला यायचे. आधी या वाटेवर ते सारखे बोलायचे. ऊस, ट्रॅक्टर, समोरून येणारा ओळखीचा माणूस, सगळ्यावर त्यांचं काहीतरी असायचं. आता ते फक्त बोट दाखवायचे. मी त्या बोटाकडं बघून तिकडं बघायची. मोर असायचा, नाहीतर उलटलेली ट्रॉली.

शाळेच्या गेटवर इतर वडील गाडी बंद न करताच मूल उतरवायचे. काहींचं हेल्मेटही निघायचं नाही. पप्पा गाडी स्टँडवर लावून थांबायचे. मी जिना चढून वरच्या व्हरांड्यात यायची आणि खाली बघायची. ते हवेत बोट गोल फिरवायचे. चालू कर. मी तळवा उभा धरायची. थांब. म्हणजे अजून जाऊ नका. ते थांबायचे. घंटा झाली की मी बोट फिरवायची आणि मग ते जायचे. ही भाषा मला कुणी शिकवली नव्हती. दुसरी काही उरली नव्हती म्हणून आली असावी.

पप्पांनी त्यातून एक पळवाट मात्र काढली होती. आमच्याकडं एक म्हैस होती. मॅडमनी म्हशीबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी धार काढता काढता पप्पा तिच्याशी बोलायला लागले.

"काय गं, आज डबा परत आणलास व्हय? भेंडी आवडत न्हाय का? सांगायचं की मग आईला."

म्हैस कान हलवायची.

"आणि त्यो बिस्कीटवाला येतोय का अजून? का शाळा बदलली त्यानं?"

मी दाराआड उभी राहून ऐकायची. उत्तर तोंडात यायचं. बिस्कीटवाला येत होता, आता तो पोळीचा रोलही आणायला लागला होता. पण प्रश्न मला विचारलेला नव्हता. मी दाराची कडी धरून उभी राहायची आणि धार संपली की आत यायची. मी तिथं असते हे त्यांना माहीत होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

दुसरीत नव्या वर्गशिक्षिका आल्या. दिवाळीच्या आधी त्यांनी आईला फोन केला. मी वर्गात तोंड उघडत नाही, कविता म्हणत नाही, हजेरीला सुद्धा नुसता हात वर करते. दुसरीला तोंडी परीक्षेला महत्त्व आहे. असंच राहिलं तर मला त्याच वर्गात ठेवावं लागेल. आईनं हे पप्पांना सांगितलं तेव्हा ते दुधाची किटली घेऊन उभे होते. त्यांनी किटली खाली ठेवली.

"म्हंजे अजून मराठी पडतंय तिच्या कानावर," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी म्हशीशी बोलणंही बंद केलं.

आता गोठ्यातून फक्त धारेचा आवाज यायचा. मी तरीही दाराआड जाऊन उभी राहायची. नापास होणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. गल्लीतला एक मुलगा दोनदा एकाच वर्गात बसला होता आणि मग शाळाच सुटली होती. मला वाटायचं, मी मागं राहिले तर पप्पांचं हे न बोलणंही आणखी एक वर्ष वाढेल.

त्याच महिन्यात शाळेनं एक नवीन गोष्ट सुरू केली. एका शनिवारी फक्त वडिलांनी यायचं आणि मुलाबरोबर बसून आकाशकंदील करायचा. आयांना परवानगी नव्हती. पप्पांची त्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट होती. त्यांनी ती बदलून घेतली, लग्नात शिवलेला सफारी काढला आणि शाळेत माझ्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. बाक लहान मुलांचे. सगळ्या वडिलांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते. पतंगाचा कागद, बांबूच्या कामट्या, दोरा आणि वाटीत खळ ठेवलेली होती. बाईंनी फळ्याजवळ उभं राहून कसं करायचं ते इंग्रजीत सांगितलं. पप्पांनी सगळं ऐकलं, सगळ्याला मान डोलावली आणि मग शेजारच्या बाकावर काय चाललंय ते बघितलं.

शेजारचे वडील मुलाला म्हणत होते, "तू हात लावू नकोस. बिघडवशील." मुलगा हात मांडीखाली घेऊन बसला होता. पुढचे एक वडील खांद्यात फोन धरून कामट्या बांधत होते. "निघालोच, निघालोच, हे एक उरकलं की निघालो."

पप्पांनी तळवा दाखवला, मी कागद धरून थांबले. बोट फिरवलं, मी दोरा गुंडाळला. आमचा कंदील एका बाजूला झुकला होता आणि खळ जास्त झाल्यामुळं कागद ओला होऊन फाटत होता, पण आम्ही दोघं भराभर करत होतो. मधेच पप्पांनी कानाची पाळी धरली. मी वळून पाहिलं. बाई येत होत्या.

बाई थोडा वेळ आमच्याकडं बघत उभ्या राहिल्या. मग माझ्या कानाशी वाकून हळूच इंग्रजीत म्हणाल्या, तुझे वडील बोलत नाहीत का?

मी म्हटलं, "नो, मिस."

"घरी पण नाही?"

"नो, मिस."

त्यांना माझ्याकडून मिळालेलं ते पहिलं उत्तर होतं. आणि ते खरं होतं. बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या पप्पांसमोर जाऊन उभ्या राहिल्या, कंदिलाकडं बोट दाखवलं, अंगठा आणि बोट जुळवून 'छान' अशी खूण केली. पप्पांना वाटलं असावं, शाळेची हीच पद्धत आहे. त्यांनी उठून हात जोडले, माझ्याकडं बोट केलं, मग दोन्ही हात हलवून 'सगळं हिनंच केलं' असं दाखवलं. बाईंनी छातीवर हात ठेवला.

एवढ्यात दारातून आवाज आला. "काय मालक! आज सायलेन्सर बसवलाय काय?"

पप्पांच्या कारखान्यातलेच एकजण होते. त्यांचा मुलगा शेजारच्या तुकडीत होता. पप्पांनी घाईनं तळवा उभा धरला.

"आवो हात काय दाखवतासा? हितं काय मशीन चालू हाय?"

बाई त्यांना थांबवत म्हणाल्या, "अहो, हळू. त्यांना बोलता येत नाही."

"कुणाला? ह्यांस्नी?" ते दारालाच टेकले. "मॅडम, आमच्या शेडचा भोंगा बिघडला तर ह्यांस्नी हुभं करत्यात!"

सगळे वडील हसले. फोनवाल्यांनीसुद्धा फोन बाजूला केला. पप्पांचे कान लाल झाले. बाई हसल्या नाहीत. त्या पप्पांकडं बघत होत्या.

"मग तुम्ही मघापासून...?"

पप्पा अगदी बारीक आवाजात बोलायला लागले. त्यांना असाही आवाज आहे हे मला तेव्हाच कळलं. "मॅडम, गेल्या वर्षी सांगितलासा की. तुमी न्हवं, त्या आदल्या मॅडमनी. घरात इंग्लिशच बोला म्हणून. मला येत न्हाय. म्हणून मी बंदच ठिवलंय."

"बंद म्हणजे?"

"बोलायचं. हिच्यासंगं."

"मराठीत पण नाही?"

"मराठीच तर बंद करायची व्हती न्हवं?"

बाई पुढच्या बाकाच्या कडेवर बसल्या. "मग ही घरी बोलते कुणाशी?"

"आईसंगं. फाइन म्हणती."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खळीच्या वाटीत बघत होते. "अहो, ही इथंही कुणाशी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोला तिच्याशी. जे येतं त्यात बोला."

"मराठीत?"

"मराठीत."

पप्पांना ते पटलं नसावं. त्यांनी पुन्हा विचारलं, "बिघडायची न्हाय न्हवं?"

"कोण?"

"इंग्लिश. हिचं."

"नाही बिघडणार," त्या म्हणाल्या.

"आन वर्गात मागं ठेवणार न्हाय?"

"ते मी आज नाही सांगू शकत."

मला आता वाटतं, त्यांनी हे दुसरं उत्तर असं दिलं म्हणूनच पप्पांनी पहिलं खरं मानलं. पप्पांना फार गोड बोलणाऱ्यांचा संशय येतो.

मला पुन्हा त्याच वर्गात ठेवलं नाही. मार्चमध्ये तोंडी परीक्षेला मी उभी राहून कविता म्हटली. आवाज मागच्या बाकापर्यंत गेला नाही, पण बाईंपर्यंत गेला. ऑफिसात मी आजही मीटिंगमध्ये कमीच बोलते, पण त्याचं खापर मी त्या वर्षावर फोडत नाही. त्याआधी कणगीमागे बसणारीही मीच होते. चुडा भरलेल्या त्या पहिल्या बाईंबद्दलही माझ्या मनात काही नाही. त्यांनी जे सांगितलं ते त्या काळात सगळेच सांगत होते आणि बहुतेक आईवडील मान हलवून घरी जायचे, पुन्हा मराठीतच बोलायचे. पप्पांनी ते पाळलं, एवढाच फरक.

त्या शनिवारचं मात्र थोडं सांगायचं राहिलं. शाळा सुटल्यावर पप्पांनी गाडी काढली. मी मागं बसले, कंदील दोन्ही हातांत धरून. गावात मिरवत न्यावा असा तो नव्हताच, तरी पप्पांनी तो पिशवीत घालू दिला नाही. शाळेपासून हायवेपर्यंत ते काही बोलले नाहीत. बोटही दाखवलं नाही. मला त्यांच्या सफारीची पाठ दिसत होती, आणि वाऱ्यानं कंदिलाचा ओला कागद थोडा थोडा सुटत होता. मला भीती वाटायला लागली, की बाईंनी सांगूनही यांनी ऐकलं नाही.

हायवेच्या सिग्नलला गाडी थांबली. पप्पा खाकरले. मान अर्धवट मागं वळवली.

"मग," ते म्हणाले आणि थांबले. पुन्हा खाकरले. "मग, आज शाळंत काय झालं?"

ते सकाळपासून माझ्या शेजारीच बसलेले होते. तरी मी सांगितलं.

"आज सगळ्यांचे पप्पा आल्ते."

"व्हय?"

"एकाचे पप्पा नुसते फोनवर बोलत होते."

"आन?"

"एकाच्या पप्पांनी त्याला हातच लावू दिला न्हाय. तो हातावर बसला."

"आगागागा. मग?"

"आणि एक पप्पा होते, ते बोलतच न्हवते."

सिग्नल सुटला. मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला. पप्पा हलले नाहीत.

"मग त्येंचं काय झालं?" त्यांनी विचारलं, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी वळून बघितलं.

"मिस म्हणाल्या, बोला."

टेम्पो पुन्हा वाजला. पप्पांनी डावा हात वर केला, मला दिसेल असं हवेत बोट गोल फिरवलं आणि मग गिअर टाकला. गावाच्या फाट्यापर्यंत मी बोलत होते.